हिंगोलीचे ठग व मानवतचे खून

गुन्हेगाराचा माग काढणाऱ्या पुरुषांविषयी लोकांच्या मनात सदैव एक प्रकारचे कौतुक वसत असते. खुनी कोणत्या खुणेवरून ओळखला गेला, चोरीचा माल कोठे सापडला, पक्का बिलंदर इसम अखेरीस कोणत्या शब्दाला अडखळला, हे ऐकावयास कोणास आवडत नाही? आमच्याकडील ग्रंथालयांत गुप्त पोलिसांच्या कादंबऱ्यांचे पुठ्ठे सर्वांआधी फाटतात, ते काही उगाच नव्हे. परंतु या कादंबऱ्यांची एक खोड आहे. गुन्हेगाराच्या हातात बेडी पडली की त्या संपतात. आणि राज्यव्यवस्थेपुढील खरा प्रश्न तर नेमका त्या क्षणापासून सुरू होतो. हाच तो गुन्हेगार, हे तपास करणाऱ्यास कळले. ते न्यायाधीशास कसे कळावे? आणि न्यायाधीशाची खात्री पटविण्यासाठी पोलिसांनी काय करावे व काय करू नये?

तपासी अंमलदाराची थोरवी त्याने पकडलेल्या माणसांच्या संख्येवर मोजावी, की त्याच्या पश्चात पोलिसांच्या व न्यायालयांच्या कामास जे वळण लागले त्यावर मोजावी, असा हा वाद आहे. या वादाचा विचार करण्यास परभणी जिल्ह्याइतकी सोयीची भूमी आम्हांस दुसरी दिसत नाही. एरव्ही हा जिल्हा गोदावरी-पूर्णेच्या काळ्या मातीचा, कापूस-ज्वारीचा, आणि जनाबाईच्या गंगाखेडचा म्हणून प्रसिद्ध. परंतु गुन्हे-अन्वेषणाच्या इतिहासातील दोन मोठी प्रकरणे याच भूमीत घडली. पहिले हिंगोलीचे, 1830 नंतरच्या दोन-तीन वर्षांतील. हिंगोली 1 मे 1999 रोजी स्वतंत्र जिल्हा झाली, तोवर ती परभणी जिल्ह्यातच मोडत असे. दुसरे मानवतचे, 1972 ते 1974 या काळातील. दोहोंमध्ये सुमारे 140 वर्षांचे अंतर आहे. तरीही दोन्ही तपासांचा भार ज्या खांबावर उभा राहिला तो एकच : गुन्ह्यात सामील असून माफीच्या आशेने बोलू लागलेला माणूस, म्हणजेच माफीचा साक्षीदार. त्या खांबाकडे तेव्हाचे राज्यकर्ते कसे पाहत होते आणि पुढे आमची न्यायालये कसे पाहू लागली, हेच येथे सांगावयाचे आहे.

हिंगोली ही त्या काळी लष्करी छावणी होती. निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी फौज तेथे असे. ती छावणी 1903 साली मोडली. छावणी म्हटली की बाजार आला, बाजार म्हटला की व्यापारी आले, आणि वऱ्हाडातून निजामी मुलुखात उतरणाऱ्या वाटसरूंची वर्दळही आली. या छावणीत फिलिप मेडोज टेलर नावाचा एक तरुण अधिकारी काही काळ होता. हा 1824 साली, वयाच्या सोळाव्या वर्षात, मुंबईस उतरला व पुढे निजामाच्या नोकरीत शिरला. तुळजापूर-नळदुर्गाकडे पोलिसाच्या कामावर असता रस्त्यांवर माणसे नाहीशी होतात हे त्याच्या कानी आले होते व तो त्याचा शोधही घेऊ लागला होता. परंतु इतक्यात त्याला पलटणीत परत बोलावण्यात आले. आपण तेथेच राहिलो असतो तर ठगांचा छडा लावण्याचा पहिला मान आपलाच होता, अशी रुखरुख त्याने उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे.

याच टेलरने 1839 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ठगविषयक कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीची जी हकिगत दिली आहे ती वाचून अंगावर काटा उभा राहतो. हिंगोलीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. टेलरचाही त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार असे. या गृहस्थाने मुंबईहून कापड आणावयाचे आहे असे सांगून, त्या भागाचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना मागून घेतला. वस्तुतः ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि त्याचा धनी ते घेऊन वाटेवर आहे हे हरीसिंगास ठाऊक होते. त्याने त्या धन्यास, त्याच्या चाकरांस व बैल हाकणाऱ्यांस वाटेतच मारले, सरकारी परवान्यावर माल हिंगोलीत आणला, आणि छावणीच्या बाजारात उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच ही गोष्ट सांगितली नसती तर ती कधीच उघडकीस आली नसती; आणि सांगताना त्याला लाज वाटण्याऐवजी मौजच वाटत होती. या टोळीने छावणीच्या भर बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली होती, आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम 500 यार्डांवर त्यांना पुरले होते. ते खड्डे उकरले तेव्हा टेलर स्वतः तेथे हजर होता.

ही हकिगत एकट्या हिंगोलीची नव्हे. ठगांच्या निर्मूलनासाठी ज्याचे नाव इतिहासात गाजले तो विल्यम स्लीमन 1822 ते 1824 या काळात नर्मदातीरी नरसिंगपूरचा मुलकी अधिकारी होता. आपल्या जिल्ह्यात चोरी वा दरोडा झाला आणि आपणास कळला नाही असे होणार नाही, असा त्याचा समज होता. पुढे त्यास कळून आले की, त्याच्या कचेरीपासून 400 यार्डांच्या आत असलेल्या कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती, आणि एका मजलेवरील आमराईत कित्येक वाटसरू पुरलेले होते. कर्तबगार अधिकारी डोळे उघडे ठेवून बसला असता त्याच्या उंबऱ्याशी असे घडावे, याचे कारण काय? कारण असे की, या गुन्ह्याला फिर्यादीच नसे. मेलेला वाटसरू दूरदेशीचा; त्याचे घर शे-दोनशे कोसांवर; तो परत आला नाही तर घरच्यांनी नदीला, वाघाला, पटकीला दोष द्यावा. प्रेत नाही, साक्षीदार नाही, तक्रार नाही. ज्यांना गुन्हा माहीत होता ते सर्वच्या सर्व गुन्हेगार होते.

अशा स्थितीत स्लीमनने जो मार्ग काढला तो बुद्धीच्या दृष्टीने खरोखर मोठा होता. पकडलेल्या ठगास फाशी वा जन्मठेप दिसत असे. त्याला जिवाचे अभय देऊन बोलते करावयाचे, ही त्याची पहिली पायरी. 1830 च्या अखेरीस फिरंगिया नावाचा मोठा म्होरक्या हाती लागला, तेव्हापासून या मार्गास जोर चढला. एकाची जबानी घ्यावयाची. दुसऱ्या टोळीतील माणसाची त्याच प्रसंगाविषयी वेगळी घ्यावयाची. दोन्ही ताडून पाहावयाच्या. मग सांगितलेल्या जागी जाऊन खणावयाचे, आणि हाडे निघाली की जबानी खरी धरावयाची. स्लीमनने ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी तयार केल्या, खुनांच्या जागा नकाशावर मांडल्या, आणि त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोश रचून 1836 साली छापला. निरनिराळ्या मुलुखांतील कागद एका ठिकाणी आणून एका गुन्ह्याचा संबंध दुसऱ्याशी लावावयाचा, ही आजच्या गुन्हे-अन्वेषणाची प्राथमिक रीत. हिंदुस्थानात ती एवढ्या विस्ताराने प्रथम येथे वापरली गेली असे म्हणावयास हरकत नाही. ठगी व दरोडे यांसाठी जे स्वतंत्र खाते निर्माण झाले ते 1904 पर्यंत चालले, आणि त्याच्याच जागी हिंदुस्थान सरकारचे मध्यवर्ती गुन्हे-गुप्तवार्ता खाते उभे राहिले.

येथवर सर्व ठीक. परंतु या मार्गाची दुसरी बाजू पाहिल्यावाचून त्याचे मोल ठरविणे अन्यायाचे होईल. 1836 सालच्या 30 व्या कायद्याने असे ठरविले की, जो कोणी केव्हाही, हा कायदा होण्यापूर्वी वा नंतर, ठगांच्या टोळीत होता असे शाबीत होईल, त्यास सक्तमजुरीसह जन्मठेप द्यावी. वाचकांनी या वाक्याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. अमक्या दिवशी, अमक्या ठिकाणी, अमक्याचा खून या माणसाने केला, हे दाखविण्याची जरूरच उरली नाही. तो त्यांच्यापैकी होता, एवढे पुरे. आणि तो त्यांच्यापैकी होता हे कोण सांगणार? तर ज्याचा जीव सरकारच्या मर्जीवर टांगलेला आहे तो माफीचा साक्षीदार. ज्याने अधिक नावे घ्यावी त्याची उपयुक्तता अधिक. आणि ज्याची उपयुक्तता संपली त्याचे पुढे काय, ही भीती प्रत्येकास असणारच. खड्ड्यातील हाडे ही खुनाचा पुरावा होती यात शंका नाही. परंतु बोट दाखविलेला अमुक माणूस त्या खुनात होता, याचा पुरावा ती हाडे कशी देणार? अलीकडील इतिहाससंशोधकांनी तर स्लीमनच्या लेखनातील ठगांचा एकसंध, वंशपरंपरागत व देवीभक्त पंथ हे चित्रच कितपत खरे होते याविषयी जोराच्या शंका काढल्या आहेत. खून झाले हे कोणीच नाकारीत नाही. प्रश्न आहे तो सरसकटपणाचा.

हा सरसकटपणा तेथेच थांबला असता तर गोष्ट वेगळी. वंशावळीवरून गुन्हेगार ओळखण्याची सवय राज्यकर्त्यांस लागली, आणि 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. संपूर्ण जातीच्या जाती जन्मतः संशयित ठरल्या; त्यांनी हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, आणि जवळपास चोरी झाली की प्रथम त्यांनाच धरावे, अशी व्यवस्था झाली. महाराष्ट्रातील पारधी व इतर भटक्या लोकांनी हा जाच पिढ्यान्‌पिढ्या सोसला. 1952 साली तो कायदा रद्द झाला. परंतु कागदावरून पुसलेली गोष्ट ठाण्यातील शिपायाच्या मनातून पुसली जावयास फार वेळ लागतो. हिंगोलीच्या तपासाचा जसा 1904 च्या खात्याशी संबंध आहे, तसाच तो पारध्यांच्या पालावर पडणाऱ्या अवेळीच्या छाप्याशीही आहे. तपासाची एक रीत रूढ झाली म्हणजे तिचे गुण आणि दोष दोन्ही वारसाहक्काने पुढे येतात.

मध्यंतरी इंग्रजी मुलुखात कायद्याने एक महत्त्वाचे पाऊल टाकले होते. मद्रास इलाख्यात महसूल व कबुल्या वसूल करण्यासाठी होणाऱ्या छळाची चौकशी 1855 साली झाली, आणि तीत जे बाहेर आले त्यामुळे राज्यकर्त्यांनाही शरम वाटली. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही, हे तत्त्व पुढे कायद्यात आले व 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात स्थिर झाले. त्याच कायद्याने माफीच्या साक्षीदाराविषयी दोन गोष्टी सांगितल्या. केवळ गुन्ह्याच्या साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा दिली म्हणून ती बेकायदा ठरत नाही, ही एक. आणि अशा साथीदारास महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुसरा आधार मिळाल्यावाचून तो विश्वासास अपात्र आहे असे न्यायालयाने मानावे, ही दुसरी. या दोन वाक्यांचा मेळ कसा घालावा यावर वकिलांनी शंभर वर्षे वाद घातला. त्या वादाचा एक मोठा निकाल परभणी जिल्ह्याच्या एका प्रकरणात लागावयाचा होता.

त्या शंभर वर्षांत परभणीवरून अनेक राज्ये गेली. निजामाच्या अमलात तेथे पोलिसांचा मोहतमीम असे, त्याच्या हाताखाली अमीन असे. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. 1960 साली महाराष्ट्र झाला. पोलिसांचा गणवेश बदलला, कागदपत्रांची भाषा उर्दूची मराठी झाली. परंतु खेड्यातील माणूस ठाण्याची पायरी चढताना जसा पूर्वी कचरत असे तसाच नंतरही कचरत राहिला. हे ध्यानात ठेवल्यावाचून मानवतचे प्रकरण नीट समजावयाचे नाही.

या प्रकरणाच्या तपासाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे ते रमाकांत कुलकर्णी हे भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी. मानवतला येण्यापूर्वीच त्यांची कीर्ती झाली होती, ती रमण राघवच्या प्रकरणामुळे. 1968 साली मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरांत पदपथांवर व झोपड्यांत निजलेल्या गरीब माणसांची डोकी रात्री ठेचली जात होती. मारणाऱ्याचा व मरणाऱ्याचा काही संबंध नाही, लुटीचे कारण म्हणावे तर लूट क्षुल्लक; अशा खुनांचा तपास करणे म्हणजे वाऱ्याची मोट बांधणे. 27 ऑगस्ट 1968 रोजी अलेक्स फियालो नावाच्या उपनिरीक्षकाने वर्णनाशी जुळणारा एक इसम रस्त्यात पाहिला व त्यास अडविले, तोच रमण राघव निघाला. जुन्या शिक्षेच्या वेळच्या बोटांच्या ठशांवरून त्याची ओळख पटली. पुढे त्याने मोठ्या संख्येने खून केल्याची कबुली दिली व हत्यार लपविल्याची जागा दाखविली. त्यास फाशीची शिक्षा झाली. परंतु उच्च न्यायालयाने मानसोपचारतज्ज्ञांकडून त्याची तपासणी करविली, तो वेडा ठरला, आणि 1987 साली ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. गुन्हेगार पकडला गेला, कबुली मिळाली, हत्यार मिळाले, तरी न्यायाचे काम आणखी 19 वर्षे उरले होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मानवत हे परभणीच्या पश्चिमेस असलेले कापसाच्या बाजारपेठेचे गाव. 1972 साल म्हणजे महाराष्ट्रातील त्या भयंकर दुष्काळाचे साल. विहिरी आटल्या, खडी फोडण्याच्या कामांवर माणसांची रांग लागली. अशा वेळी, 14 नोव्हेंबर 1972 रोजी, गावच्या शिवारात एका लहान मुलीचा खून झाला. त्यानंतर एकामागून एक, तेरा-चौदा महिने, खून होत राहिले. बळी बहुतेक कोवळ्या मुली आणि स्त्रिया. सरपणाला, शेताला वा पाण्याला एकट्या-दुकट्या गेलेल्या, गरिबांच्या घरच्या. अखेरचा प्रसंग 4 जानेवारी 1974 चा : त्या दिवशी एक आई, तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि कडेवरचे तान्हे मूल अशी तिघे मारली गेली. प्रेतांवरील जखमांवरून हे साधे खून नव्हेत, यांत काही अघोरी हेतू असावा, अशी कुजबुज गावात पसरली. स्थानिक पोलिसांचे हात टेकल्यावर राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने तपास हाती घेतला आणि रमाकांत कुलकर्णी मानवतला आले.

सरकार पक्षाने पुढे न्यायालयात जी हकिगत मांडली तिचा सारांश असा. गावातील एका वजनदार घरी मूल होत नव्हते, आणि गुप्तधनाचीही आशा होती. पिंपळावरच्या मुंज्यास कुमारिकेचे रक्त वाहिले म्हणजे दोन्ही साधतील, असे मांत्रिकाने सांगितले, आणि त्यासाठी भाडोत्री माणसांकरवी हे खून करविण्यात आले. मुंजा म्हणजे काय हे मराठी वाचकास सांगावयास नको. मुंज झाली पण लग्नापूर्वी मेला तो बटू पिंपळावर राहतो, ही आमच्या घराघरांतील समजूत. आजीच्या तोंडची ही गोष्ट ऐकून आम्ही सारेच पोरवयात पिंपळाखालून धूम पळालो आहोत. जी समजूत एका घरात मुलांना अंगणात बोलावण्याचे साधन असते, तीच दुसऱ्या घरात कुऱ्हाड होऊ शकते, हे मानवतने दाखविले.

या तपासाची अडचण हिंगोलीच्या तपासाहून अगदी उलट होती आणि तरीही तीच होती. हिंगोलीत प्रेत नव्हते, फिर्यादी नव्हता. मानवतला प्रेत होते, रडणारे आईबाप होते, वर्तमानपत्रांचा गलबला होता. पण बोलणारा नव्हता. ज्यांच्यावर संशय ते गावातील वजनदार. ज्यांची मुले गेली ते मजूर. आणि बोलल्यास देव कोपेल की माणूस कोपेल, याचा निर्णय ज्याचा त्याने मनात करावयाचा. शेवटी येथेही तपासाची कोंडी फुटली ती गुन्ह्यात सामील असलेल्यांपैकीच काही माणसे बोलू लागली तेव्हा. माफी देऊन त्यांना साक्षीदार करण्यात आले. म्हणजे स्लीमनच्या मार्गानेच कुलकर्णींनाही जावे लागले. ज्या गुन्ह्याचे ज्ञान केवळ गुन्हेगारांस असते त्याचा दरवाजा आतूनच उघडावा लागतो. यास दुसरा इलाज नाही.

परंतु या साम्याबरोबरच दोन प्रसंगांतील मोठा फरकही येथेच दिसू लागतो. 1836 च्या कायद्याखाली हा खटला चालता तर काय झाले असते? माफीच्या साक्षीदाराने बोट दाखविले असते, आणि ज्यांच्याकडे दाखविले ते सारे जन्मठेपेस गेले असते. आरोपींपैकी काही पारधी समाजाचे होते, तेव्हा त्यांच्या आप्तेष्टांसही सोबत नेले असते. 1974 नंतर तसे झाले नाही. परभणीच्या सत्र न्यायालयात खटला उभा राहिला, तेथे काही आरोपींस फाशीच्या शिक्षा झाल्या, प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले, आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात. 1977 साली न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिलेला निकाल आला. हे गृहस्थ पुण्याचे. पुढील वर्षी ते भारताचे सरन्यायाधीश झाले. प्रत्यक्ष खून करणाऱ्यांपैकी काहींचा अपराध या साऱ्या चाळणीतून टिकला. ज्यांच्यासाठी हे खून झाले असे सरकार पक्षाचे म्हणणे होते, त्यांच्यावरील आरोप मात्र टिकला नाही, ते सुटले.

या निकालाने जे सांगितले ते आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांस शिकविले जाते. माफीच्या साक्षीदाराविषयीच्या त्या दोन वाक्यांत विरोध नाही, असे न्यायालयाने ठरविले. एक वाक्य कायदा सांगते, दुसरे शहाणपण सांगते. आणि शहाणपण असे की, साथीदाराच्या साक्षीस असा स्वतंत्र आधार हवा जो प्रत्येक आरोपीस वेगवेगळा गुन्ह्याशी जोडील. गुन्हा घडला हे खरे ठरले म्हणून त्याने घेतलेले प्रत्येक नाव खरे ठरत नाही. हिंगोलीच्या खड्ड्यांकाठी जो प्रश्न कोणी विचारला नव्हता तो येथे विचारला गेला, व त्याचे उत्तरही दिले गेले. दुसरी गोष्ट कबुलीजबाबांची. दंडाधिकाऱ्यांनी ते नोंदविताना कायद्याने सांगितलेली दक्षता घेतली नव्हती. समोरचा माणूस स्वेच्छेने बोलतो आहे की कोणाच्या धाकाने, याची खरी चौकशी न करता केवळ ठराविक प्रश्नांची नक्कल उतरविली, तर कागद तयार होतो. पुरावा तयार होत नाही. तिसरी गोष्ट शिक्षेची. 1974 च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने असे सांगितले होते की, दोषी ठरलेल्या माणसास शिक्षेच्या प्रश्नावर वेगळे ऐकून घ्यावे. ते खाली झाले नसेल तर प्रत्येक वेळी खटला परत पाठवावा असे नाही. वरिष्ठ न्यायालय स्वतः ऐकून घेऊ शकते, पण ऐकणे खरे असले पाहिजे. आणि चौथी गोष्ट पोलिसांस उद्देशून. ज्यांच्या हाती मोठे अधिकार असतात त्यांना गुन्हा उघडकीस आणण्याच्या उत्साहात, चार भिंतींआड सापडलेल्या माणसावर हात टाकण्याचा मोह होतो. तो मोह अंकुरातच खुडला पाहिजे, असा इशारा या निकालात आहे.

येथे कोणीही विचारील, आणि ज्यांच्या लेकी गेल्या त्यांनी तर विचारावेच, की हा कसला न्याय? ज्यांच्या घरी कारस्थान शिजले असे सांगितले गेले ते सुटले आणि पैशासाठी हात चालविणारे अडकले. तपासाचा उपयोग काय झाला? हा आक्षेप हलका नाही. खेड्यातील दुबळ्या माणसास कायद्याच्या बारीक विणीचे सांत्वन पुरत नाही. परंतु याचे उत्तर स्लीमनच्या मार्गात शोधू गेल्यास काय पदरी पडते, हेही आम्ही वर पाहिले. जी सैल वीण मानवतच्या वजनदार माणसांस पकडण्यासाठी मागावी, तीच उद्या पालावरच्या बिनवजनी माणसास पकडण्यासाठी वापरली जाते; किंबहुना प्रथम त्याच्यासाठीच वापरली जाते, असा इतिहासाचा दाखला आहे. दोषी सुटला तर त्याचे कारण पुरावा गोळा करण्याच्या पद्धतीत शोधावे व ती सुधारावी. दंडाधिकाऱ्याने कबुली नोंदविताना आणखी अर्धा तास खर्च केला असता, साक्षीदाराच्या शब्दास दुसरा आधार शोधण्यात आणखी कष्ट घेतले गेले असते, तर निकाल कदाचित वेगळा लागता. पुराव्याची कसोटी सैल करणे हा त्यावरील उपाय नव्हे.

रमाकांत कुलकर्णी पुढे महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक झाले. वर्तमानपत्रांनी त्यांना भारताचा शेरलॉक होम्स म्हटले. त्यांनी आपल्या तपासांच्या आठवणी इंग्रजीत पुस्तकरूपाने लिहिल्या, आणि त्या आधारे 2024 साली ‘मानवत मर्डर्स’ या नावाची चित्रमालिकाही निघाली. त्यामुळे नव्या पिढीस हे प्रकरण पुन्हा ठाऊक झाले. पोलीस अधिकाऱ्याने आपले अनुभव लिहून ठेवावे ही गोष्ट आमच्याकडे दुर्मिळच, आणि म्हणून आदरास पात्र. स्लीमनने लिहिले म्हणून आज आम्ही त्याला तपासून पाहू शकतो. ज्यांनी लिहिले नाही त्यांच्याविषयी आख्यायिकाच काय ती उरते. परंतु आमच्या मते मानवतच्या तपासाचा खरा ठसा निकालाच्या त्या पानांत उमटला आहे. तेथे एका जिद्दी तपासाचे यश आणि त्यातील उणिवा दोन्ही शेजारी-शेजारी मांडल्या आहेत, आणि पुढच्या प्रत्येक तपासी अंमलदाराने त्या वाचाव्या अशा आहेत.

कायद्याचा दुसरा हात अंधश्रद्धेपर्यंत पोहोचावयास मात्र फार वेळ लागला. नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांस प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. मानवतच्या पहिल्या खुनापासून तोवर 41 वर्षे लोटली होती. या कायद्यात पोलीस दक्षता अधिकाऱ्याची योजना आहे. खून झाल्यावर मारेकरी शोधण्याऐवजी, मांत्रिकाने गुप्तधनाची भाषा काढली तेव्हाच त्यास अडविणे, हा तिचा हेतू. हे काम गाजावाजाचे नाही, त्यावर कादंबरी निघणार नाही. परंतु मानवतला 1972 च्या दिवाळीनंतर असा एखादा अधिकारी वेळेवर कोणाच्या दारी गेला असता, तर किती घरे वाचती!

1 जुलै 2024 पासून देशात फौजदारीचे तिन्ही कायदे नव्या नावांनी लागू झाले आहेत. 1872 चा पुराव्याचा कायदाही त्यात गेला. कलमांचे आकडे बदलले, साथीदाराच्या साक्षीविषयीची वाक्येही नव्याने लिहिली गेली. तथापि पोलिसापुढील कबुली आरोपीविरुद्ध चालणार नाही हा नियम कायम आहे, आणि साथीदाराच्या शब्दास आधार हवा ही अटही सुटलेली नाही. हिंगोलीच्या छावणीत जो प्रश्न प्रथम उभा राहिला त्याचे उत्तर मानवतच्या लेकींच्या मरणातून आम्हांस मिळाले. किंमत भारी पडली. गुन्हेगारांशी झुंजणारे पुरुष थोर असतातच. पण त्यांनी धरून आणलेल्या माणसास, तो कोणत्या जातीचा, कोणत्या घरचा, कोणाच्या बोटावरून आणला हे बाजूला ठेवून, ‘याने काय केले ते दाखवा’ असे विचारणारे न्यायासन जेथे असते, तेथेच त्यांची थोरवी लोकांच्या कामी येते.